जेराल्डिन पेज मूळच्या रंगभूमीच्या की पडद्याच्या?

प्रश्न : नाट्यवाचक

'द ट्रिप टू बाउंटिफुल' हा १९८५ सालचा अमेरिकन चित्रपट नुकताच पाहिला. ह्यूस्टनमधल्या लहानशा घरात मुलगा आणि सून यांच्याबरोबर दिवस कंठणारी एक वृद्धा, पेन्शनचा धनादेश लपवून, आपल्या ओस पडलेल्या गावाकडे एकटीच निघून जाते, एवढीच त्याची गोष्ट आहे. रात्रीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या तरुण स्त्रीला ती वृद्धा सहज बोलल्यासारखे सांगून टाकते की आपले आपल्या नवऱ्यावर कधी प्रेम नव्हते. त्या प्रसंगात आवाज चढत नाही, डोळ्यांतून पाणी काढले जात नाही, आणि तरीही तो संपल्यावर मी चित्रपट थांबवून काही वेळ नुसता बसून राहिलो.

ही भूमिका करणाऱ्या जेराल्डिन पेज यांना तिच्यासाठी ऑस्कर मिळाले आणि ते आठव्या नामांकनानंतर मिळाले, हे मी नंतर वाचले. त्या मुळात रंगभूमीवरच्या अभिनेत्री होत्या, असेही सगळीकडे लिहिलेले आढळते. तसे असेल तर त्यांचे खरे काम आपल्यासारख्यांना कधीच पाहायला मिळणार नाही, आणि चित्रपट ही त्या कामाची केवळ उरलीसुरली खूण आहे, असे समजायचे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तिसरी घंटा

आपला प्रश्न रास्त आहे, परंतु पेज यांच्या बाबतीत सुदैवाने परिस्थिती इतकी निराशाजनक नाही. त्यांनी रंगभूमीवर गाजवलेल्या दोन मोठ्या भूमिका त्यांनीच पुन्हा चित्रपटांत केल्या आहेत आणि दोन्ही चित्रपट आज उपलब्ध आहेत. हे भाग्य त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या नटांच्या वाट्याला आले.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पेज यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९२४ रोजी मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल येथे झाला. कुटुंब पुढे शिकागोला आले आणि तिथल्या गुडमन नाट्यविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. नंतर उन्हाळी नाट्यमंडळ्यांमधून मिळतील त्या भूमिका करणे, न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी किरकोळ नोकऱ्या करणे आणि उटा हागेन यांच्याकडे अभिनयाचे धडे घेणे, असा काही वर्षांचा काळ गेला. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. बहुतेक नटांचा तो काळ तसाच जातो.

खरी गोष्ट सुरू होते ती एप्रिल १९५२ मध्ये. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांचे 'समर अँड स्मोक' हे नाटक १९४८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले होते, पण शंभराच्या आसपास प्रयोगांनंतर ते बंद पडले. चार वर्षांनी होसे किंतेरो या तरुण दिग्दर्शकाने न्यूयॉर्कच्याच ग्रीनिच व्हिलेज भागातल्या 'सर्कल इन द स्क्वेअर' या लहानशा नाट्यगृहात ते पुन्हा उभे केले आणि नायिका अल्मा वाइनमिलर हिच्या भूमिकेसाठी जवळपास अपरिचित असलेल्या पेज यांना घेतले. हे नाट्यगृह पूर्वीच्या एका नाईटक्लबच्या जागेत होते आणि प्रेक्षक नटांच्या तीन बाजूंना, अगदी हाताच्या अंतरावर बसत. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक ब्रूक्स ॲटकिन्सन यांनी प्रयोगाची मनापासून प्रशंसा केली आणि ब्रॉडवेवर पडलेले नाटक ब्रॉडवेबाहेर गाजले. ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या लहान नाट्यगृहांच्या, चळवळीला खरी प्रतिष्ठा याच प्रयोगाने मिळवून दिली, असे अनेक अभ्यासक मानतात.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या जागेच्या रचनेतच दडलेले आहे. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत भावना पोहोचवण्यासाठी नटाला जे वाढवून करावे लागते, ते इथे करण्याची गरजच नव्हती. उलट तसे केले असते तर ते हास्यास्पद वाटले असते. श्वास अडखळणे, वाक्याच्या मध्येच उगाच हसू येणे, रुमालाशी बोटांनी चाळा करणे, हे सारे तिसऱ्या रांगेतल्या माणसाला दिसत होते. म्हणजे क्लोजअपमध्ये जसे काम करावे लागते तसे पेज कॅमेऱ्यापुढे स्थिरावण्याच्या कितीतरी आधी, रंगमंचावरच करीत होत्या. म्हणूनच १९६१ मध्ये पीटर ग्लेनव्हिल यांनी केलेल्या चित्रपटात त्या पुन्हा अल्मा झाल्या तेव्हा रंगभूमीवरची नटी पडद्यावर आणून बसवली आहे असे मला कुठेही जाणवत नाही.

दुसरी भूमिका 'स्वीट बर्ड ऑफ यूथ' मधल्या अलेक्झांड्रा डेल लागोची. हे नाटकही विल्यम्स यांचेच. १९५९ मध्ये एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली ते ब्रॉडवेवर आले आणि पेज यांच्यासमोर पॉल न्यूमन होते. कारकीर्द ढासळलेली, नशेत बुडालेली, वय लपवणारी ही सिनेतारका पेज यांनी केली तेव्हा त्या स्वतः अवघ्या चौतीस वर्षांच्या होत्या. १९६२ च्या चित्रपटात ही दोघेही होती, मात्र दिग्दर्शन रिचर्ड ब्रूक्स यांचे होते आणि नाटकाचा क्रूर शेवट पडद्यासाठी बराच सौम्य करण्यात आला. त्यामुळे चित्रपट पाहताना नाटकाविषयी मत बनवू नये. पेज यांच्याविषयी मात्र खुशाल बनवावे. अलेक्झांड्रा दूरध्वनीवर बोलत असताना आपला नवा चित्रपट यशस्वी झाल्याचे तिला कळते, तो प्रसंग विशेष लक्ष देऊन पाहावा. लाचार बाई काही क्षणांत पुन्हा सम्राज्ञी होते आणि समोरच्या तरुणाचे अस्तित्वच ती विसरून जाते.

उत्तर : शेवटची रांग

वरील उत्तरातील माहिती उत्तम आहे, पण त्यातला निष्कर्ष मला पूर्णपणे मान्य नाही. पेज यांच्या अभिनयात लकबींचा भाग मोठा होता, ही त्यांच्या हयातीतच होत असलेली टीका होती, आणि ती निराधार नव्हती. हातांची सततची फडफड, शब्द ओढत नेऊन शेवटी अचानक तोडणे, आवाजाचा मध्येच पातळ होऊन जाणे, या गोष्टी अल्माला शोभतात, कारण अल्मा स्वतःच कृत्रिम वागणारी, धर्मोपदेशकाच्या घरात घुसमटलेली स्त्री आहे. परंतु साठच्या दशकातल्या काही चित्रपटांत, भूमिकेला गरज नसतानाही, त्याच लकबी पुन्हा पुन्हा दिसतात.

मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते वुडी ॲलन यांच्या 'इंटिरिअर्स' या १९७८ च्या चित्रपटातले, कारण तिथे त्यांनी या सगळ्यावर पाणी सोडले आहे. त्यांनी केलेली ईव्ह ही गृहसजावट करणारी स्त्री आहे. फिकट रंग, मोजून ठेवलेली फुलदाणी आणि मोजून बोललेले शब्द, यांपलीकडे तिला जगता येत नाही. नवरा सोडून गेल्यावर ती आत्महत्येच्या तयारीने खिडक्यांच्या फटी काळ्या चिकटपट्टीने बंद करते. त्या प्रसंगात संवाद नाही. पट्टी ओढल्याचा कर्कश आवाज आणि पेज यांचे शांत, कामसू हात, एवढेच आहे. एरवी फडफडणारे तेच हात इथे इतके स्थिर आहेत की पाहणाऱ्याला धडकी भरावी. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, तर अमेरिकेत मुख्य अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. भूमिका मुख्य की सहायक, यावर दोन्ही देशांचे एकमत झाले नाही, हा तपशील मला मौजेचा वाटतो.

प्रतिसाद : नाट्यवाचक

दोघांचेही आभार. आता आणखी एक शंका विचारतो. १९५३ मध्ये जॉन वेन यांच्याबरोबर 'हॉन्डो' केल्यावर आणि त्यासाठी पहिले नामांकन मिळाल्यावर थेट १९६१ पर्यंत त्यांचा चित्रपट दिसत नाही. ही त्यांची स्वतःची निवड होती का?

उत्तर : तिसरी घंटा

निवड काही अंशी असेलही, पण तेवढेच कारण नव्हते. तो काळ राजकीय संशयाचा होता आणि त्यांच्या गुरू उटा हागेन यांचे नाव काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारल्या जाणाऱ्या कलावंतांच्या यादीत, होते. हागेन यांच्याशी असलेल्या संबंधामुळे आपल्याला हॉलिवूडचे दार बंद झाले, असे पेज यांनी पुढे सांगितल्याची नोंद आहे. या वर्षांत त्या रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणीवर भरपूर काम करीत होत्या. १९५४ मध्येच 'द इममॉरलिस्ट' या नाटकात तरुण जेम्स डीन त्यांचे सहकलाकार होते आणि त्याच वर्षी 'द रेनमेकर' मधली लिझी त्यांनी ब्रॉडवेवर उभी केली. मात्र १९५६ मध्ये त्या नाटकाचा चित्रपट झाला तेव्हा लिझी केली कॅथरिन हेपबर्न यांनी, आणि ऑस्करचे नामांकनही हेपबर्न यांनाच मिळाले. रंगभूमीवर भूमिका घडवणारी एक आणि पडद्यावर ती करणारी दुसरी, हा तिथला जुनाच रिवाज आहे. तिकीटखिडकीवर नाव चालते, घडण चालत नाही.

याच रिवाजाची एक विलक्षण परतफेड पुढे झाली. १९८२ मध्ये 'ॲग्नेस ऑफ गॉड' या नाटकात मठाच्या प्रमुख मदर मिरियम रूथ यांची भूमिका पेज यांनी ब्रॉडवेवर केली. १९८५ च्या चित्रपटात ती भूमिका ॲन बॅनक्रॉफ्ट यांच्याकडे गेली आणि त्यांना मुख्य अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. त्याच वर्षी त्याच गटात पेज 'बाउंटिफुल'साठी होत्या. मेरिल स्ट्रीप, व्हूपी गोल्डबर्ग आणि जेसिका लँग या उरलेल्या तिघी. मार्च १९८६ मध्ये एफ. मरे अब्राहम यांनी पाकीट उघडले आणि पेज यांचे नाव घेतले. पेज यांनी पायांतले बूट काढून ठेवले होते आणि उठण्यापूर्वी त्यांना ते शोधावे लागले, हा किस्सा आता त्या सोहळ्याचाच भाग झाला आहे. १९६२ च्या ऑस्करला पेज आणि बॅनक्रॉफ्ट याच दोघी आमनेसामने होत्या आणि दोघींनीही आपापली रंगभूमीवर गाजलेली भूमिका पडद्यावर केलेली होती. तेव्हा 'द मिरॅकल वर्कर'साठी बॅनक्रॉफ्ट जिंकल्या होत्या.

उत्तर : जुने कार्यक्रमपत्रक

आठ नामांकनांचा उल्लेख वारंवार होतो म्हणून एक तपशील जोडते. त्यांपैकी चार मुख्य अभिनेत्रीची आणि चार सहायक अभिनेत्रीची होती. सातवे नामांकन 'द पोप ऑफ ग्रीनिच व्हिलेज' मधल्या जेमतेम काही मिनिटांच्या भूमिकेसाठी होते. पोलीस असलेल्या मुलाची ती आई सिगारेट ओढत पोलिसांशी ज्या थंडपणे बोलते, ते पाहिल्यावर भूमिकेची लांबी मोजण्याची सवय सुटते. दूरचित्रवाणीसाठी त्यांना दोन एमी मिळाले. परंतु ज्या रंगभूमीच्या त्या मानल्या जातात तिथला सर्वोच्च टोनी पुरस्कार त्यांना चार नामांकने होऊनही एकदाही मिळाला नाही. त्यामुळे 'रंगभूमीने ओळखले, हॉलिवूडने उशीर केला' ही सोयीची कहाणी मला पटत नाही. उशीर हॉलिवूडने केला हे खरे, पण पुरस्कारांच्या बाबतीत ब्रॉडवेने तर शेवटपर्यंत काहीच दिले नाही.

त्यांच्या घराविषयी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. अभिनेते रिप टॉर्न हे त्यांचे दुसरे पती. 'स्वीट बर्ड'मध्ये दोघांनी एकत्र काम केले होते. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या त्यांच्या घराच्या दारावर दोघांची आडनावे जोडून 'टॉर्न पेज' अशी पाटी होती, म्हणजे आपल्या भाषेत 'फाटके पान'. सतत संहिता वाचणाऱ्या दोन माणसांच्या घराला याहून योग्य नाव सापडले नसते.

नाव मिळाल्यावरही त्या मोठ्या नाट्यगृहांपुरत्या राहिल्या नाहीत. १९८३ पासून मिरर रेपर्टरी कंपनी या लहान संस्थेबरोबर त्या ऑफ-ब्रॉडवेवर नियमित काम करीत होत्या, आणि 'बाउंटिफुल'चे चित्रीकरण याच काळातले आहे. नाट्यवाचक यांना बसमधल्या प्रसंगात जो आवाज न चढवता बोलण्याचा संयम जाणवला, त्याचा संबंध मी १९५२ च्या त्या तीन बाजूंनी वेढलेल्या रंगमंचाइतकाच या वर्षांशीही जोडते.

ऑस्करनंतर वर्षभराने त्या ब्रॉडवेवर परतल्या, त्या नोएल कॉवर्ड यांच्या 'ब्लिथ स्पिरिट' मध्ये, मृतात्म्यांना बोलावणाऱ्या विक्षिप्त मादाम आर्काती म्हणून. याच भूमिकेसाठी त्यांना शेवटचे टोनी नामांकन मिळाले. पुरस्कार सोहळ्यानंतर सहा दिवसांनी, १३ जून १९८७ रोजी, शनिवारचे दोन प्रयोग होते आणि पेज त्यांपैकी एकालाही आल्या नाहीत. हृदयविकाराच्या झटक्याने घरीच त्यांचे निधन झाले होते. त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

प्रतिसाद : नाट्यवाचक

काल रात्री 'समर अँड स्मोक' पाहिला. 'शेवटची रांग' यांनी सांगितलेल्या लकबी दिसल्या आणि पहिल्या अर्ध्या तासात त्या खटकल्याही. परंतु शेवटच्या प्रवेशात, चौकातल्या कारंज्यापाशी अल्मा अनोळखी फिरत्या विक्रेत्याशी बोलते तेव्हा, तेच हसू आणि तेच हात आहेत, फक्त घाई निघून गेली आहे. हे लेखकाचे की पेज यांचे, ते मला ठरवता आले नाही. आज 'इंटिरिअर्स' पाहणार आहे. 'शेवटची रांग' यांच्याशी वाद त्यानंतरच घालीन.