मदत हवी आहे: पूर ओसरला, ४० घरं आणि एक विहीर. सुरुवात कुठून करावी?

वस्तीतली ४० घरं दोन दिवस पाण्यात होती. बहुतेक जण रोजंदारीवर, बरेच भाडेकरू. हाताशी २५ माणसं, फावडी, डिझेल पंप आणि २५ किलो ब्लीचिंग पावडर. आज घरांत पावडर मारून उद्या विहीर उपसायचा विचार आहे. क्रम बरोबर आहे का? जुने कपडे द्यायलाही लोक तयार आहेत, घ्यावेत का?

प्रतिसाद १
पावडर आज नको. चिखलावर टाकलेल्या पावडरीतला जंतू मारणारा क्लोरीन चिखलातच खर्ची पडतो, जंतू तसेच राहतात. आधी गाळ काढा, तोही ओला असतानाच. वाळला की पहार लागते. फावडं मारण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि खराब झालेलं सामान एकत्र दिसेल असा फोटो घ्या, नंतर भरपाई मागताना तोच पुरावा. मग फरशी साबणाने धुवा, आणि शेवटी प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाण्याला १५० ग्रॅम पावडर. चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी वापरा. त्यात अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. गमबूट हवेतच, पायाच्या साध्या चिरेतून लेप्टो (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) होतो.

प्रतिसाद २
विहीर एका दमात उपसू नका. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब आहे. आतलं पाणी गेलं की बाहेरचा दाब बांधकाम आत ढकलतो. थोडं उपसा, थांबा, दगड सुटतायत का बघा. डिझेल पंप विहिरीत उतरवू नका, धुराने आतला माणूस बेशुद्ध पडतो. विहिरीचं माप काय?

धागाकर्ता
व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर. पावडरीत थोडे गठ्ठे झालेत.

प्रतिसाद २
म्हणजे साधारण १४,००० लिटर. गाळ काढून पाणी पुन्हा भरलं की १००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे २.१ किलो. १२ तास ठेवा, कोणी पिणार नाही हे बघा, मग वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. त्यानंतर रोजचा डोस १००० लिटरला २.५ ग्रॅम, अर्ध्या तासाने उरलेला क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम यायला हवा. गठ्ठे झालेली आणि उग्र वास न येणारी पावडर मेलेली समजा, तिच्यावर हे हिशेब चालणार नाहीत.

प्रतिसाद ३
कपडे नकोत. निवडण्यातच तुमची दहा माणसं अडकतील आणि निम्मे ढीग शेवटी कचऱ्यात. बाजार सुरू असेल तर थेट पैसे द्या. कुणाला भांडी लागतील, कुणाला हत्यारं. यादी मात्र घरमालकांवरून करू नका, त्या घरात त्या रात्री कोण राहत होतं त्यावरून करा. भाडेकरू नेमके तिथेच गळतात.

अवांतर: भिजलेली कागदपत्रं ओढून सुटी करू नका. गठ्ठा तसाच सावलीत ठेवा, वरचं पान आपोआप सुटेल तेव्हाच उचला.