अनुभव धागा : हात टेकले तेव्हा

1630च्या दुष्काळात तुकोबांची सावकारी बुडाली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. आणि नंतर हेच तुकोबा देवाला सांगतात की दिवाळं निघालं ते बरं झालं! घरची माणसं गेल्यावर 'बरं' कसं म्हणवतं, मला आजही पुरतं कळत नाही. पण मागच्या वर्षी धंदा बसला. ज्या मेहुण्याला दहा वर्षं हिणवलं, त्यानेच आमचा किराणा भरला. पिशवी हातात घेताना मान वर होईना. तेव्हा थोडंसं उमगलं. तुमचंही असं काही झालं असेल तर लिहा. प्रवचन नको, घडलं तेवढं सांगा.

निफाड तालुक्यातून

26 नोव्हेंबर 2023. ऑक्टोबर छाटणीची द्राक्षबाग, मणी नुकतेच धरलेले. संध्याकाळी गारा आल्या. पत्र्याच्या आवाजात बायको काय ओरडत होती तेही ऐकू येईना. थांबल्यावर बॅटरी घेऊन बागेत गेलो तर पायाखाली पानं, कोवळ्या काड्या, घड आणि गारा, सगळा एकच चिखल. सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी, डोळ्यापुढे नुसते आकडे.

मी मजुरांशी कधी नीट बोललो नाही, हे कबूल करतो. थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, येणाऱ्या एका मावशींचे अर्ध्या दिवसाचे पैसे मी त्याच महिन्यात कापले होते, त्या उशिरा आल्या म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच मावशी सुनेला घेऊन बांधावर उभ्या. म्हणाल्या, "भाऊ, मोडलेल्या काड्या आज काढल्या तर फवारणी तरी लागंल." मी म्हटलं, मावशी, द्यायला पैसे नाहीत. "इचारलं का मी?" एवढंच बोलून त्या ओळीत शिरल्या.

देव्हाऱ्यापुढे मी रोज हात जोडायचो. पण त्या दिवशी बागेत खाली बसून रडलो, ती माझी पहिली प्रार्थना असावी. बाग वाचली नाही म्हणा. पंचनामा झाला, तलाठी येऊन गेले, कर्ज अजून फिटतंय. मावशींना आता मी आधी चहा देतो आणि मग काम सांगतो.

निवृत्त बँक अधिकारी, बीड जिल्हा

मुलाची किडनी निकामी झाली तेव्हा गावी अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. कधी गेलो नव्हतो, त्या वर्षी झोपच येत नव्हती म्हणून रात्रीचा पहारा मागून घेतला. पहाऱ्याला वीणा गळ्यात घालून उभं राहायचं. ती खाली टेकवायची नाही, आपणही टेकायचं नाही. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि मगच वीणा हात बदलते.

रात्री दोन वाजता माझ्या हाती वीणा द्यायला जो उभा होता, त्याचं म्हशीचं कर्ज मी नामंजूर केलं होतं. कागद अपुरे होते, नियमाने बरोबरच होतं. पण त्याला टेबलासमोर तासभर उभं ठेवलं होतं, ते कुठल्या नियमात बसत होतं? तो आधी वाकला. माझ्या पायांना त्याचा हात लागला आणि मला वाकायलाही सुचेना. शेवटी तोच हळू म्हणाला, "माऊली, वीणा घ्या." सकाळपर्यंत उभा होतो. मुलाचा पुढे डायलिसिसवर बराच काळ निघाला.

अहिल्यानगर

आम्ही ख्रिस्ती. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ लहानपणापासून पाठ, पण ती मी नेहमी घाईने म्हणायचे. 2021च्या एप्रिलमध्ये आई आत व्हेंटिलेटरवर आणि मी बाहेर पायरीवर. तिथे ती ओळ तोंडातून निघेना. तिसऱ्या दिवशी निघाली. आई गेली. यापुढे लिहिता येत नाही.

कोल्हापूर

रागावू नका, पण मला कुणी भेटलं नाही. नोकरी गेली, पायरी न् पायरी झिजवली, शेवटी माझं मीच निस्तरलं. देव नम्र करतो म्हणतात. मला तर परिस्थितीने फक्त थकवलं.

> धागाकर्ता : रागावतोय कोण? हेही घडलेलंच आहे, राहू द्या इथे.

पुणे

बाबांची एकतीस वर्षं वारी चुकली नाही, आणि ते हे सांगायची संधीही चुकवायचे नाहीत. लग्नाला आलेल्या अनोळखी माणसालाही आकडा कळलेला असायचा. 2020ला पायी वारीच झाली नाही. 30 जूनला पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून पंढरपूरला निघाल्या. टीव्हीवर बस दिसली तसे बाबा खुर्चीतून उठले, चपला काढल्या आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

मग आईला म्हणाले, "माऊलीच एसटीनं गेली गं. मी कोण चालणारा?"

त्यानंतर आकडा त्यांच्या तोंडून ऐकला नाही. परवा नातवाने विचारलं, आजोबा किती वाऱ्या केल्या? म्हणाले, "आईला विचार, तीच मोजायची."