मुलीची डोकेदुखी : कियारीचं ऑपरेशन पुण्यात कुठे? (मदत हवी आहे)

गुलबक्षी
वय 12. डोकं दुखतंय. एमआरआयमध्ये ‘कियारी 1, टॉन्सिल 6 मिमी खाली’ आलंय (टॉन्सिल म्हणजे घशातले नव्हेत, लहान मेंदूची खालची टोकं; ती कवटीच्या तळाखाली मानेत उतरली की कियारी), ऑपरेशन सुचवलंय. कुठे करावं एवढंच सांगा. चष्मा, सायनस तपासून झालंय.

टिंबटिंब
कधी दुखतं? कियारीचं दुखणं खोकला-शिंकेसरशी मानेमागे उसळतं. आडवं पडल्यावर काय होतं? कॉन्ट्रास्ट (एमआरआयआधी शिरेतून देतात ते औषध) दिला होता का?

नानासाहेब५२
मोबाइल काढून घ्या. रोज भिजवलेले बदाम.

गुलबक्षी
कॉन्ट्रास्ट नव्हता. शाळेतून आली की आडवी होते, अर्ध्या तासात बरी. उठली की पुन्हा. त्याचा काय संबंध?

टिंबटिंब
तोच तर मुद्दा! मणक्याच्या आवरणातून सीएसएफ (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) झिरपलं की मेंदू खाली बसतो, टॉन्सिलही सरकतात, रिपोर्ट कियारीसारखा दिसतो. अशात कियारीचं ऑपरेशन म्हणून कवटीमागचं हाड काढलं तर गळती तशीच राहते, त्रास वाढूही शकतो. आधी गॅडोलिनियम (हाच तो कॉन्ट्रास्ट) देऊन मेंदूचा एमआरआय: मेंदूचं आवरण सगळीकडे चकाकतंय का, पिट्युटरी ग्रंथी फुगलीय का.

चौकट
लगेच गळती? मुलांत पॉट्स (उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा त्रास) जास्त सापडतं. 10 मिनिटं झोपवून नाडी मोजा, मग 10 मिनिटं उभं करा. मिनिटाला 40 ने वाढून तशीच राहिली तर विचार करा.

टिंबटिंब
पॉट्सने टॉन्सिल खाली येत नाहीत. नाडी मोजा, पण एमआरआय अडवू नका. सांधे लवचिक आहेत? अंगठा मनगटाला टेकतो?

गुलबक्षी
टेकतो. भरतनाट्यमच्या बाई कौतुक करतात. डॉक्टर आता एलपी (पाठीत सुई घालून सीएसएफ काढणं) करून त्याचं प्रेशर बघू म्हणताहेत.

टिंबटिंब
सांधे असे लवचिक तर मणक्याचं आवरणही नाजूक असू शकतं, त्याला नवं भोक कशाला? गळती असूनही प्रेशर नॉर्मल येतं. एहलर्स-डॅनलोस, मार्फान (सांधे-आवरणं सैल ठेवणारे जन्मजात आजार) यांसाठी जेनेटिक्सवाल्यांना दाखवा.

जाई_जुई
नाकातलं पाणी बीटा-2 ट्रान्सफेरिनला (ते पाणी सीएसएफ आहे का ते सांगणारी तपासणी) पाठवा.

चौकट
ती कवटीच्या तळाची गळती, इथे नाक कुठून आलं? गळती ठरली आणि विश्रांतीने भागलं नाही तर ब्लड पॅच. तिचंच रक्त पाठीत मणक्याच्या आवरणाबाहेर सोडतात, वजनाच्या किलोला साधारण 0.2-0.3 मिली, पाठीत दाब जाणवला की थांबतात. नंतर काही आठवडे वाकणं, दप्तर, नाच बंद. पॅचनंतर उलट आडवं पडल्यावर दुखू लागलं, उलट्या झाल्या तर दाब वाढलाय, लगेच कळवा. आणि एकाची दोन दिसू लागली किंवा गुंगी आली तर थेट इमर्जन्सी.

गुलबक्षी
सेंटरवाले मणक्याची वेगळी चिठ्ठी मागताहेत. काय लिहून घेऊ?

टिंबटिंब
‘ऑर्थोस्टॅटिक हेडेक, सीएसएफ लीक आहे का, मेंदू गॅडोलिनियमसह, पूर्ण मणका टी2 फॅटसॅट.’ (ऑर्थोस्टॅटिक हेडेक म्हणजे उभं राहिल्यावर दुखणारं डोकं; टी2 फॅटसॅट म्हणजे चरबी दाबून पाणी उठून दिसणारे फोटो.) कियारी हा शब्द एकटा नको, वाचणारा तेवढंच शोधतो.