योसेफाच्या कारभाऱ्याकडे कधी लक्ष गेलंय का?

प्रश्न: बायबलमधल्या उत्पत्ति या पुस्तकाचा ४३वा अध्याय परत वाचत होतो. योसेफाला भावांनीच विकलं होतं, आता तो इजिप्तमध्ये मोठा अधिकारी आहे आणि धान्य घ्यायला आलेले भाऊ त्याला ओळखत नाहीत. ते भाऊ घाबरून दारातच त्याच्या कारभाऱ्याला मागच्या खेपेला गोण्यांत परत सापडलेल्या पैशांचं सांगत बसतात आणि तो म्हणतो भिऊ नका, तुमचे पैसे मला पोचले, मग ओलीस ठेवलेल्या भावाला, शिमोनाला, बाहेर आणतो, पाय धुवायला पाणी देतो, गाढवांना वैरणसुद्धा. याला सगळं माहीत होतं का?

उत्तर १: बरंच असणार. पुढे धाकट्या भावाच्या, बन्यामीनच्या गोणीत योसेफाचा प्याला त्यानेच ठेवला आणि झडती मात्र थोरल्यापासून सुरू केली, पक्का नट :)

उत्तर २: झडतीच्या आधीचं बघा ना. भाऊ म्हणतात ज्याच्याकडे सापडेल तो मरेल, बाकी आम्ही गुलाम होऊ. हा म्हणतो फक्त तोच गुलाम, तुम्ही मोकळे. म्हणजे धाकट्याला सोडून घरी जायचा रस्ता उघडाच होता, तरी सगळे परत फिरले आणि त्यांच्यातला यहूदा त्याच्याऐवजी स्वतः राहायला तयार झाला. माझ्या मते समेट तिथेच जुळला.

उत्तर ३: कारभाऱ्याला फार क्रेडिट नको, हुकूम योसेफाचाच होता. आणि ४२व्या अध्यायातला दुभाष्या कसा विसरलात? तो मध्ये होता म्हणून तर योसेफाला आपलं कळत नाही असं समजून भाऊ त्याच्यासमोरच जुन्या पापाबद्दल बोलून गेले.