अर्धा किलो मध म्हणजे किती एमएल?

ए-४०३: कुणी सांगेल का, अर्धा किलो मध म्हणजे किती एमएल? केकच्या कृतीत १२० एमएल मध लिहिलाय, बरणीवर सगळं ग्रॅममध्ये.

सी-१०२: ५०० ग्रॅम = ५०० एमएल 👍

बी-२०५: काका, ते पाण्याचं गणित. एक लिटर मध साधारण १.४ किलो भरतो. म्हणजे अर्धा किलो मध साडेतीनशे एमएलच्या आसपास.

सी-१०२: अरेच्चा! मी ५०० ग्रॅमचा मध अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतला, तर बाटली बरीच रिकामी राहिली. कमी भरलाय म्हणून तक्रार करणार होतो.

बी-२०५: नका करू 😄 माप बरोबर आहे.

डी-५०१: घट्ट असतो ना, म्हणून जड.

बी-२०५: घट्टपणाचा संबंध नाही हो काकू. तेल पाण्यापेक्षा दाट, तरी पाण्यावर तरंगतंच. मधात साखर ठासून भरलेली, पाणी जेमतेम १७-१८ टक्के, म्हणून वजन. पाण्याचं प्रमाण वाढलं की वजन थोडं उतरतं.

ए-४०३: मग १२० एमएलला गुणायचं की भागायचं? माझं तिथेच अडतं.

बी-२०५: एमएल गुणिले १.४ म्हणजे ग्रॅम. १६८ आले. ग्रॅमवरून एमएल हवे असतील तर भागायचं. मधाचे ग्रॅम एमएलपेक्षा कमी आले तर समजायचं, उलटं केलंय.

ए-४०३: मापाच्या कपाला निम्मा मध चिकटूनच राहतो पण.

बी-२०५: कप कशाला? बरणीच डिजिटल काट्यावर ठेव, शून्य कर आणि मध काढत जा. काट्यावर वजा १६८ दिसलं की थांब.

डी-५०१: काटा नसेल तर?

बी-२०५: मापाचा मोठा चमचा, १५ एमएलचा. त्यात २१ ग्रॅम बसतो. असे आठ सपाट चमचे. आधी तेलाचा हात फिरवा, मध सुळकन सुटतो. वाढायचा चमचा नको, त्याचं माप घराघरात वेगळं.

ई-३०१: आमचा मध रवाळ झालाय. त्याचं?

बी-२०५: वजन तेच. पण चमच्यात मध्ये पोकळी राहते, म्हणून काट्यावरच मोजा, नाहीतर बरणी कोमट पाण्यात ठेवून आधी पातळ करा.

सी-१०२: दोन किलो मध येतोय. दोन लिटरची बरणी घासून ठेवली होती, आता दीड लिटरची काढतो.

बी-२०५: पुरेल काका. काठोकाठ होईल तेवढं बघा.