गावाच्या ताब्यातलं जंगल: तोडायचं की नुसतं राखायचं?

रानपाखरू
२००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तेव्हापासून सामूहिक वनहक्क म्हटला की लोक पहिलं विचारतात, बांबू कितीला गेला? माझं मत रोखठोक आहे. जंगल गावाकडेच हवं, पण बाजारासाठी तोड नको. मोहफुलं, मध, वाळलेलं सरपण घ्या, बास. ठेकेदाराची गाडी शिवारात शिरली की नियम ग्रामसभेच्या वहीत उरतो.

चौथा कूप
बांबू नुसता राखून सुधारत नाही हो! जुन्या काठ्या काढल्या नाहीत तर बांबूचं बेट (एकत्र वाढलेला पुंजका) कोंदतं, नवे कोंब वाकडेतिकडे येतात आणि वाळलेला माल उन्हाळ्यात वणव्याच्या तोंडी जातो. कोवळ्या काठ्यांना हात लावायचा नाही, पुरेशा पक्क्या काठ्या मागे ठेवायच्या, पावसाळ्यात कोंब फुटताना तोड बंद. आणि कापायचं बेटाच्या आतून, कारण नवी वाढ कडेला होते.

रानपाखरू
शास्त्र मान्य. पण मजुरी नगावर असेल तर काट्याकुट्यात आत शिरणार कोण? कडेची काठी तोडणं सोपं. बेटं अशीच संपतात.

झुंजुरका
चंद्रपूरचं पाचगाव बघा. बांबू विकतात, पण बिडीसाठीचं तेंदूपान तोडणं ग्रामसभेनेच बंद केलं. तेंदू म्हणजे हमखास रोकड, तरी बंद! नवी पालवी यावी म्हणून आगी लावतात, झाडं छाटतात, मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, कुठून धरणार? म्हणून ‘तोड हवी की नको’ असं सरसकट विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक मालाचा निवाडा वेगळा.

पायवाट
ठराव छान. पण ज्या घराला शेतीच नाही, त्याने एप्रिल-मे कसा काढायचा? तेंदूच्या हंगामात हातात येणारा पैसा त्यांच्यासाठी मोठा असतो. हात वर करणाऱ्यांत शेतीवाले जास्त असतील तर बंदीचा भार भलत्याच्याच डोक्यावर.

झुंजुरका
म्हणूनच आधी बांबूचं काम उभं करायचं, मग तेंदू सोडायचा. उलट क्रमाने केलं तर चोरून तोड होणारच.

रानपाखरू
मग तोडीचं काम आधी भूमिहीनांना द्या, मजुरी रोजावर ठेवा आणि बेटं मोजायला गावातलीच माणसं नेमा. एवढं झालं तर बांबूपुरता माझा विरोध मागे. ठेकेदाराबद्दलचा नाही.