एकच मॉडेल, दोन ग्राफिक्स कार्डं, माझं +९० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. चिप खराब आहे का?

नमस्कार मंडळी, ओव्हरक्लॉकिंगमधल्या (चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) जाणकारांची मदत हवी आहे.

माझ्याकडे आणि मावसभावाकडे सेम कंपनीचं सेम ग्राफिक्स कार्ड आहे, कूलर तोच, बायोस पण तेच, तरी त्याचं आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा क्लॉक बदलायचं सॉफ्टवेअर) कोअर क्लॉकला, म्हणजे चिपच्या वेगाला, +१५० देऊन आरामात चालतं आणि माझं +९० च्या वर नेलं की बेंचमार्क पूर्ण होतो पण रे ट्रेसिंगवाला (प्रकाश-सावल्या हिशोबाने काढणारा, जड) गेम लावला की थोड्या वेळात ड्रायव्हर क्रॅश. पॉवर लिमिट फुल्ल, फॅन बोंबलतायत, टेंपरेचर ६७ च्या पुढे जात नाही, म्हणजे गरम होऊन पडतंय असं वाटत नाही. मेमरीला हात लावला नाहीये, दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं तेच कळत नाही.

सगळे म्हणतात सिलिकॉन लॉटरी (चांगली चिप मिळणं नशिबाचा भाग), सोडून दे. ते ठीके, एकाच वेफरमधल्या (सिलिकॉनच्या चकतीतल्या) चिपा पण सारख्या नसतात, एखादीला तेवढ्याच क्लॉकला जास्त व्होल्टेज लागतं, एखादीत लीकेज (वाया झिरपणारा करंट) जास्त. पण चिपच कमजोर आहे हे तपासायचं कसं? पूर्वी जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) एएसआयसी क्वालिटीचा (चिपच्या दर्जाचा अंदाज) टक्का तरी दिसायचा (त्यावरूनही मारामाऱ्या व्हायच्या म्हणा), नव्या कार्डांवर तो येतच नाही.

प्रतिसाद:
+९० आणि +१५० ची तुलना करूच नका राव. ऑफसेट (तुमचा तो +९०) म्हणजे चिपच्या स्वतःच्या कर्व्हवर टाकलेली भर, आणि हा व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी कर्व्ह (किती व्होल्टला किती क्लॉक, त्याचा आलेख) प्रत्येक चिपचा वेगळा असतो. तुमचा मुळातच वर असेल तर भर घालायला जागा कमी राहणार. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबा, कर्व्ह दिसेल, दोन्ही कार्डांचा ०.९ व्होल्टचा आकडा बघा, टेंपरेचर सारखं असताना बघा हं, कारण गरम झालं की कर्व्ह खाली सरकतो. आणि जीपीयू-झेडमध्ये पर्फकॅप रीझन (क्लॉक कशामुळे अडतोय ते कारण) काय येतंय? तिथे पॉवर येत असेल तर क्लॉक पॉवर लिमिटमुळे अडतोय.

धागाकर्ता:
बघितलं. ०.९ व्होल्टला माझं ऑफसेटशिवायच १८३०, भावाचं १७८५. म्हणजे भर घालून माझं १९२० आणि त्याचं १९३५, फक्त १५ मेगाहर्ट्झचा फरक, म्हणजे एकच स्टेप (क्लॉक बदलायची सगळ्यात लहान पायरी)! भावाला अजून सांगितलं नाहीये, फार मिरवत होता. पर्फकॅपला गेममध्ये सतत पॉवर येतंय. मग आता ०.९ ला १९०५ लॉक करून पुढचा कर्व्ह सपाट केला (म्हणजे व्होल्टेज त्याच्या वर जाणार नाही) तर वॅट वाचून क्लॉक स्थिर राहील का, की रे ट्रेसिंगला तेवढं व्होल्टेज कमी पडेल? कुणी असं रोज वापरतंय का?